पंप नव्हे, फळी वाजते

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही दोघं आणि आमची दीड वर्षांची मुलगी, असे तिघं वापरलेली कॅरव्हॅन घेऊन फिरतो. पाण्याचा पंप बाकाखालच्या कप्प्यात आहे. रात्री हात धुवायला नुसता नळ सोडला तरी अख्खी कॅरव्हॅन घरघरते आणि मुलगी दचकून रडत उठते. पंपाला जुनी गोधडी गुंडाळून पाहिली. आवाज जरासा दबला, पण पंप हाताला चटका बसेल इतका तापला, म्हणून काढून टाकली. दुरुस्ती करणारा म्हणतो, पंपच बदला. नव्या पंपानं आवाज जाईल का?

उत्तर : गोधडी काढलीत ते फार बरं केलंत. ती परत गुंडाळू नका. पंपाची मोटर भोवतालच्या मोकळ्या हवेनंच थंड राहते. पुष्कळ पंपांत जास्त तापल्यावर आपोआप बंद पडायची सोय असते, पण तिच्या भरवशावर मोटर कोंडून ठेवायची नसते. शिवाय गोधडीनं दबतो तो फक्त हवेतून येणारा आवाज. तुमच्या मुलीला उठवणारा आवाज दुसऱ्या वाटेनं येतो आहे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. नव्या पंपाचे पैसे खर्च करण्याआधी ती वाट शोधू या.

आमच्या पहिल्या कॅरव्हॅनमध्ये पंप पलंगाखाली होता, प्लायच्या एका पातळ आडभिंतीला मारलेला. त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सासूबाईंची उशी टेकायची. त्यांची झोप फार सावध. मी रात्री नळाला हात लावायची नाही, दिवेलागणीलाच दोन बाटल्या भरून ठेवायची. एका दुपारी गळती शोधायची म्हणून मी पंपाचे चारही स्क्रू काढले. पाइप आणि वायरी तशाच जोडलेल्या ठेवल्या, पंप दोन्ही हातांत उचलून धरला आणि यांना म्हटलं, नळ सोडा. पंप सुरू झाला. तळव्यांना मुंग्या आल्यासारखी थरथर लागत होती, पण आवाज म्हणाल, तर पलीकडच्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवावं तेवढाच. सासूबाई बाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी दारातून वाकून विचारलं, "पंप बिघडला का गं?"

तंबोऱ्याची तार नुसती दोन खिळ्यांत ताणून छेडली, तर शेजारी बसलेल्यालाही धड ऐकू येत नाही. तीच तार भोपळ्यावरच्या तबलीवर चढली की खोली भरते. कॅरव्हॅनची पातळ प्लाय म्हणजे तबली, आणि बाकाखालचा पोकळ कप्पा म्हणजे भोपळा. तुमचा पंप बहुधा ठीक आहे. त्याला चुकीच्या जागी बसवलं आहे.

तेव्हा उद्या दिवसाउजेडी हेच करून पाहा. आधी पंपाचा स्विच बंद करा, स्क्रू काढा, पंप हातात घ्या, मग दुसऱ्याला स्विच आणि नळ सुरू करायला सांगा. आवाज एकदम खाली आला, तर दोष बैठकीचा. फारसा उतरला नाही, तर दोष पाइपांचा. मग पंप तसाच चालू ठेवून पाइपावरून बोट फिरवत जा. जिथं बोट दाबल्यावर खडखड थांबते, तिथली क्लिप किंवा भोक लक्षात ठेवा, खडूनं खूण करा. बहुतेकांकडे दोन्ही दोष थोडे थोडे निघतात.

हे पंप १२ व्होल्टचे, डायफ्रॅमचे असतात. आत रबराचे तीन-चार छोटे पडदे एकामागून एक पाणी ढकलतात. म्हणून पाणी सरळ धारेनं न निघता बारीक बारीक ठोक्यांनी निघतं. हे ठोके पायातून फळीत उतरतात हे सगळ्यांच्या लक्षात येतं. ते पाण्यातून आणि पाइपातूनही तितकेच पुढं जातात, हे मात्र राहून जातं.

आधी बैठक पाहा. पंपाच्या पायांना रबर असतं. तुमचे स्क्रू कुणीतरी जोर लावून आवळलेले असणार, हे मी न बघता सांगते, कारण मी उघडलेल्या जवळजवळ प्रत्येक कप्प्यात तेच दिसलं. चेपलेलं रबर थरथर पोटात घेत नाही, जशीच्या तशी पुढं पाठवतं. रबर फुगून मूळ आकारात येईपर्यंत स्क्रू सैल करा. पंप हलवल्यावर किंचित डुलला पाहिजे, निसटता कामा नये. रबर कडक झालं असेल, त्याला भेगा पडल्या असतील, तर बदला आणि मऊ जातीचं घ्या.

एवढ्यानंच कधी कधी भागतं. तुमच्या बाबतीत मुलगी दचकते आहे, म्हणजे मी एवढ्यावर थांबणार नाही. पंप आडभिंतीवरून आणि बाकाच्या फळीवरून काढा आणि जमिनीवर आणा, तेही खोलीच्या मधोमध न ठेवता जिथं खाली चौकट आहे तिथं. मधली जमीन ढोलासारखी वाजते. पंप थेट जमिनीवर न मारता एका जड पाटावर मारा. मी पाऊण इंची प्लायचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून, खालून एक जाड फरशीचा तुकडा लावून पाट केला होता. पाट जितका जड, तितका तो पंपाबरोबर कमी हलतो. त्याच्याखाली घट्ट फोमची जाड चटई, व्यायामाला घेतात तसली. इथं एक चूक हमखास होते : पाट जागचा हलू नये म्हणून माणूस तो लांब स्क्रूनं जमिनीला ठोकतो. त्या एका स्क्रूतून सगळी थरथर परत खाली जाते आणि केलेली मेहनत पाण्यात. पाटाला चारी बाजूंनी लाकडी पट्ट्यांचं कुंपण करा, पट्टी आणि पाट यांच्यात फोम भरा, वरून रुंद पट्टा ओढून घ्या. हा पट्टा टाळू नका. गाडी खड्ड्यात आदळली की सैल पाट उडतो आणि पाइप तुटतात.

पंप उभा बसवावा लागला तर मोटर वर आणि पाण्याचं तोंड खाली ठेवा. उलट बसवलात आणि तोंडाकडून कधी गळलं, तर पाणी थेट मोटरीत जाईल.

आता पाइप. पंपाला दोन्हीकडून कडक पाइप थेट जोडलेले असतील, तर पाट कितीही जड करा, थरथर त्या पाइपांवरून चालत भिंतीत जाईल. दोन्ही बाजूंना साधारण अर्धा मीटर लवचीक होज टाका, आतून धाग्याची जाळी असलेली, पिण्याच्या पाण्याला चालणारी. टाकीकडच्या बाजूला साधी मऊ नळी चालणार नाही, ओढ बसली की ती आत चिकटते. होज ताणून न बसवता सैल वळण देऊन बसवा. टाकीकडच्या जोडाच्या क्लिपा दोनदा तपासा. तिथली बारीक फट पाणी गळवत नाही, ती हवा आत ओढते, आणि हवा मिसळली की पंप खाकरत चालतो. पाइप जिथं लाकडाच्या भोकातून जातो किंवा भिंतीला चिकटतो, तिथं पाइपावर चढवायचं फोमचं आवरण चढवा. कडक क्लिपांच्या जागी रबरी अस्तराच्या घाला. पंपाच्या तोंडाशी छोटी गाळणी असते, तीही एकदा उघडून धुवा. ती तुंबली की पंप धापा टाकल्यासारखा वाजतो.

हे सगळं एका शनिवारचं काम आहे. ते झाल्यावरही पंप ऐकू येईल, पण शेजारच्या घरातला मिक्सर ऐकू यावा तसा. त्यातून वाळू चावल्यासारखी खरखर येत राहिली, तर मात्र आतलं बेअरिंग गेलं असेल, आणि मग दुरुस्ती करणाऱ्याचा सल्ला बरोबर ठरेल. मला तसं वाटत नाही.

प्रश्न : माझा पंप फार मोठ्यानं वाजत नाही, पण नळ बारीक सोडला की सारखा सुरू-बंद, सुरू-बंद होतो. दात घासताना तो टक्-टक् आवाज डोक्यात जातो. प्रेशर स्विचचा स्क्रू फिरवून बघू का?

उत्तर : लगेच नको. तो स्विच दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की पंप बंद करतो आणि उतरला की सुरू करतो. बारीक धारेला पंपाचं पाणी जास्तच होतं, म्हणून दाब क्षणात चढतो आणि क्षणात उतरतो. स्क्रू अंदाजानं फिरवला, तर पंप कधीच बंद न होण्याची किंवा जोडांवर नको इतका दाब येण्याची भीती.

त्यापेक्षा पंपाच्या पुढं, नळाकडच्या बाजूला, एक अ‍ॅक्युम्युलेटर बसवा. हा एक छोटा डबा असतो. आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. बारीक धारेपुरतं पाणी हवाच ढकलत राहते, पंपाला दर सेकंदाला उठावं लागत नाही. ठोकेही त्यात बरेच विरतात, म्हणून वरच्या पत्रातल्या ताई किंवा दादांनाही तो उपयोगी पडेल.

हवेचा दाब मात्र नीट ठेवावा लागतो, आणि बहुतेक लोक डबा बसवून हेच विसरतात. पंप बंद करा, नळ सोडून पाइपांतला दाब पूर्ण काढा, मग सायकलच्या पंपानं डब्यात हवा भरा. पुष्कळ डब्यांना टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो. तुमचा पंप ज्या दाबाला पुन्हा सुरू होतो, त्याच्या जरा खाली हवा ठेवा. तो आकडा पंपाच्या माहितीपत्रकात मिळतो. पाइपांत पाण्याचा दाब असताना मोजलेला हवेचा दाब खोटा असतो. आणि तुमचा पंप धारेप्रमाणे स्वतःचा वेग कमी-जास्त करणारा असेल, तर डबा घेण्याआधी माहितीपत्रक वाचा. अशा पंपांना तो सहसा चालत नाही, दोघांची एकमेकांत गफलत होते.

प्रश्न : रात्री सगळे नळ बंद असतात, तरी अर्ध्या-पाऊण तासानं पंप सेकंदभर 'गुर्र' करतो आणि थांबतो. हे काय असावं?

उत्तर : कुठून तरी दाब निसटतो आहे. हा आवाज दाबू नका, तो तुम्हाला काही सांगतो आहे. झोपण्यापूर्वी प्रत्येक जोडाखाली, पाणी तापवायच्या यंत्राखाली आणि संडासाच्या व्हॉल्व्हखाली कोरड्या कागदी रुमालाची घडी ठेवा. सकाळी ओली असेल ती जागा सापडली. संडासाच्या भांड्यात आतल्या बाजूनं बारीक ओघळ येत नाही ना, तेही टॉर्च मारून पाहा, ती जागा कागदाला कळत नाही. सगळं कोरडं निघालं, तर पंपातला परत न जाऊ देणारा व्हॉल्व्ह सैल झालेला असतो आणि पाणी हळूहळू टाकीत परतत असतं. त्यात कचरा अडकला असेल तर पंपाचं तोंड उघडून धुतल्यावर सुटतं, नाही तर तेवढा भाग बदलावा लागतो.

गळती सापडेपर्यंत झोपताना पंपाचा मुख्य स्विच बंद करत जा. कॅरव्हॅन सोडून बाहेर जातानाही करा. एखादा जोड निसटला, तर चालू राहिलेला पंप अख्खी टाकी तुमच्या जमिनीवर ओततो आणि पाणी संपल्यावरही बॅटरी उतरेपर्यंत कोरडाच फिरत राहतो.