65 हजारांचं रिटेनर घेऊ की 46 हजारांची नोकरीच बरी?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही नागपुरात मनीषनगरला राहता, वय 29, धरमपेठेतल्या एका क्रिएटिव्ह एजन्सीत चार वर्षं चार महिने झाले फ्रंट-एंड (वेबसाइटचा समोर दिसणारा भाग) करून राहिले, इनहँड 46 हजार. आता मालक म्हणतात पेरोल सोडा, कन्सल्टंट व्हा, पुढच्या महिन्यापासून महिन्याला 65 हजार रिटेनर (पगाराऐवजी दर महिन्याची ठरलेली फी) देतो, वरून टॅक्सही वाचेल. घरी वहिनींना पाचवा महिना चालू आहे, एफडीत 1 लाख 40 हजार आहेत आणि वाढलेल्या पैशातून बेलतरोडीकडे प्लॉटचा हप्ता भरायचा विचार आहे.

सरळ सांगतो, आत्ता हो म्हणू नका. आठ महिन्यांनी म्हणा, आणि तेव्हाही 65 ला नाही.

आधी त्या टॅक्सचं बघू, कारण मालकांनी तेच गाजर जोरात हलवलंय. तुमचा ग्रॉस 48 हजार, म्हणजे वर्षाचे 5 लाख 76 हजार. नव्या टॅक्स रिजीममध्ये 75 हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं आणि 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट म्हणजे टॅक्स माफ आहे, म्हणजे तुम्ही आजही एक रुपया इन्कम टॅक्स भरत नाही. मग वाचणार काय बाप्पा? रिटेनरवर गेले की वर्षाचे 7 लाख 80 हजार येतील, 44एडीए (व्यावसायिकांचं उत्पन्न अंदाजाने धरायचा टॅक्सचा नियम) खाली त्यातले निम्मे, म्हणजे 3 लाख 90 हजार, उत्पन्न धरलं जाईल आणि तेही 4 लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आतच. टॅक्स शून्य. आधीही शून्य, नंतरही शून्य. फरक एवढाच की प्रोफेशनल फी म्हणून एजन्सी बहुतेक 10 टक्के टीडीएस कापेल, तर हातात येतील 58,500, आणि कापलेले वर्षाचे 78 हजार रिटर्न भरल्यावर पुढच्या वर्षी रिफंड म्हणून मिळतील. तोवर ते तुमचे असून तुमचे नाहीत. घरात बाळ येणार त्या वर्षी.

आता खरी बेरीज. 46 वरून 65 म्हणजे 19 हजार वाढले असं तुम्ही लिहिलंय, पण आज एजन्सी जे देते ते उद्या तुम्हाला स्वतःच्या खिशातून करावं लागेल ना. पीएफ तुमचा 1,800 आणि त्यांचा 1,800, म्हणजे 3,600 दर महिन्याला जमा होतात. बेसिक 26 हजार आहे म्हणजे ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं काम करून नोकरी सोडताना मालकाने द्यायची रक्कम) वर्षाला 15 हजारांनी साचून राहिली, महिन्याचे 1,250. स्वतःची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच) मेडिक्लेम घ्याल तिचे महिन्याला 2,300 धरा. लॅपटॉप आज एजन्सीचा आहे, तो परत जाणार, आणि फिगमा, व्हीएस कोड, चार ब्राउझर एकदम उघडे ठेवणाऱ्या माणसाला 30 हजारांचा लॅपटॉप पुरत नाही, तर 1 लाख 10 हजारांचा घेतला आणि चार वर्षं चालवला तरी महिन्याला 2,300 झालेच. ब्रॉडबँड, सॉफ्टवेअरची सबस्क्रिप्शनं 1,500, सीए 500. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी कोणीच मोजत नाही, सुट्ट्या. आज वर्षाला 18 पगारी सुट्ट्या आहेत, रिटेनरच्या कराराच्या ड्राफ्टमध्ये काम नाही तर पैसे नाही असं लिहिलंय, 65 ला 22 कामाच्या दिवसांनी भागा, 18 ने गुणा, वर्षाचे 53 हजार, महिन्याचे 4,400. सगळं मिळून 15,850. उरले 49,150. म्हणजे 19 हजारांची वाढ खरी 3 हजारांची आहे, आणि त्या 3 हजारांसाठी नोकरीची सुरक्षितता सोडायची.

थांबायचं का ते सांगतो. एक तर ग्रॅच्युइटी. सलग पाच वर्षं भरली की 26 हजार बेसिकवर पाच वर्षांचे 75 हजार होतात. तुम्ही आठ महिने आधी पेरोल सोडला तर मालकाला हे पैसे द्यावे लागणार नाहीत. मुद्दाम चाललंय असं मी म्हणत नाही पण टायमिंग बघा.

दुसरं आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, डिलिव्हरी. एजन्सीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये मॅटर्निटी आहे असं तुम्ही लिहिलंय. पेरोल संपला की ते कव्हर संपतं. बाहेर आत्ता कोणतीही पर्सनल पॉलिसी घ्यायला गेले तर मॅटर्निटीला वेटिंग पिरियड असतो, काहींना तर दोन-चार वर्षांचा, म्हणजे या डिलिव्हरीला ती कामाचीच नाही. सिझेरियन झालं किंवा बाळाला चार दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) ठेवावं लागलं तर तुमची सगळी एफडी एका बिलात जाईल. याशिवाय पीएफ मेंबर असताना नकळत एक विमाही चालू असतो, ईडीएलआय, मेंबरला काही झालं तर घरच्यांना अडीच ते सात लाख मिळतात. तोही जाणार. तर टर्म इन्शुरन्स, एक कोटीचा, नोकरी सोडायच्या आधी काढा, पगाराच्या स्लिपवर लवकर मिळतो.

पीएफ मात्र काढू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, आणि 2024-25 ला 8.25 टक्के व्याज दिलं त्यांनी, पडून राहू द्या.

आता रिटेनरचा कागद. तुम्ही ड्राफ्टचा फोटो पाठवला, त्यात दोन ओळी मला खटकल्या. एक, दुसऱ्या कोणाचं काम घ्यायचं नाही. अरे मग कन्सल्टंट कशाला म्हणता, रोज दहा ते सात त्यांच्याच खुर्चीवर बसायचं, त्यांचीच कामं करायची आणि पीएफ तेवढा नाही! ही ओळ काढून घ्या, नाहीतर रिटेनरला अर्थ नाही, कारण पुढे तुमची खरी कमाई बाहेरच्या दोन-तीन क्लायंटकडूनच वाढणार. दुसरी, कामाची हद्दच लिहिलेली नाही. नवरात्र ते दिवाळी एजन्सीत काय चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, बिल्डरची लँडिंग पेज, सराफाची ऑफर पेज, आणि रात्री अकराला व्हॉट्सअपवर "बॅनर थोडा वर घ्या, मोबाइलवर बटन कापून राहिलं". नोकरीत ते चालून जातं, रिटेनरमध्ये तास लिहा, समजा महिन्याला 160, आणि रिव्हिजन किती ते लिहा, वरचं काम वेगळ्या बिलावर.

पेमेंटबद्दल मालक म्हणे "क्लायंटचं आलं की देऊ". असं नको. सरकारच्या उद्यम पोर्टलवर छोटा उद्योग म्हणून रजिस्ट्रेशन करा, फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा 2006 चा आहे, लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर पेमेंट लांबवता येत नाही, आणि लांबवून वर्ष संपेपर्यंत दिलंच नाही तर एजन्सीला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यांच्या सीएला हे चांगलं माहीत असतं. जीएसटीची काळजी आत्ता नको, सर्व्हिसला वर्षाला 20 लाखांपर्यंत जीएसटी नंबर घ्यावा लागत नाही.

प्लॉटचं ऐकून मी कपाळावर हात मारला. नागपुरात पोट्टं कमावतं झालं की घरचे आधी लेआउट दाखवायला नेतात, हे मला कळतं. पण 44एडीए खाली कागदावर तुमचं उत्पन्न 3 लाख 90 हजार दिसेल, बँक ते बघून लोन ठरवते, शिवाय स्वतःचा धंदा म्हटलं की दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. म्हणजे ज्या वाढीच्या भरवशावर प्लॉट घ्यायचा तीच वाढ लोन कमी करणार. आणि घ्यालच कधी तर आर.एल. (प्लॉटला मंजुरी असल्याचं सरकारी पत्र) आणि एनएचे (जमीन बिगरशेती असल्याचे) कागद वकिलाकडून तपासल्याशिवाय टोकन देऊ नका, लेआउटचा बोर्ड कितीही मोठा असो. आत्ता एफडी एफडीच राहू द्या, सहा महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत.

मालकांशी बोलताना भांडू नका. म्हणा, मला रस आहे, पण पाच वर्षं पूर्ण झाली की करू, आणि आकडा 80 हजार ठेवा. 80 ला वरचे सगळे खर्च वजा जाता साधारण 63 उरतात, वाढ म्हणावी तर ही. ते 72-75 वर येतील असं वाटतं, बाहेरची कामं घ्यायची मोकळीक असेल तर 75 ला मी हो म्हणेन. महिनाअखेरपर्यंतच सांगा असं अडून बसले तर नोकरीवरच राहतो म्हणा, आणि इकडे पोर्टफोलिओ अपडेट करून मिहान, आयटी पार्क आणि पुण्याच्या रिमोट जागांना अर्ज टाकायला लागा. रिॲक्ट आणि चांगला सीएसएस येणाऱ्या माणसाला 46 हजार तसेही कमीच आहेत.

या आठवड्यात एचआरकडून ग्रुप पॉलिसीचा कागद तेवढा मागून घ्या, मॅटर्निटीची लिमिट किती आणि नवजात बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का ते बघा, तेवढं झालं की पुढचं बोलू.