एम ३३ दीर्घिका दुर्बिणीतून सापडत नसेल तर
तुमची दिशा चुकलेली नाही, पॉवर जास्त होतेय. एम ३३ ची प्रत (तेजस्वितेचा आकडा, लहान तितका तेजस्वी) ५.७ वाचून ती सहज दिसेल असं वाटतं. पण तो सगळा प्रकाश पूर्ण चंद्राच्या दुपटीहून लांब पट्ट्यात पसरलाय, त्यामुळे १० मिमीच्या आयपीसमधून (डोळा लावायचं भिंग; मिमी कमी तेवढी पॉवर जास्त) तुम्ही तिच्या आरपार बघता. ८ इंची डॉब्सनियन दुर्बिणीला २५ किंवा ३२ मिमीचा आयपीस लावा.

नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री दहाला ती जवळजवळ डोक्यावर असते. देवयानी तारकासमूहातला मिराक तारा पकडा. त्याच्या एका बाजूला एम ३१ म्हणजे देवयानी दीर्घिका, आणि साधारण तेवढ्याच अंतरावर नेमकी उलट बाजूला ही. शहरातून प्रयत्न करू नका, वाया जातो. चांदणं नसलेली रात्र निवडा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत अर्धा तास मोबाइल खिशातच राहू द्या.

आता मुख्य गोष्ट. थेट बघू नका. नजर थोडी बाजूला ठेवा आणि नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. हललेलं अंधूक डोळ्याला चटकन कळतं. आरशावर फुंकर मारल्यावर उमटते तशी वाफ दिसेल, मध्ये किंचित दाट.

ती हीच का, याची खात्री एनजीसी ६०४ देतो. केंद्रापासून ईशान्येला, ताऱ्याशेजारी छोटा, घट्ट ठिपका. तो त्या दीर्घिकेतला तेजोमेघ, म्हणजे चमकणारा वायूचा ढग आहे. सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ आपल्या दुर्बिणीतून दिसतो! तो दिसला की लगेच वहीत पेन्सिलीने काढून ठेवा, घरी नकाशाशी ताडून बघा.