पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यात, सासवड-दिवे परिसरात अंजीर आणि सीताफळं घ्यायला नेमकं कधी जावं, माल कसा पारखावा?

एकाच फेरीत दोन्ही भरपूर मिळतील असं धरू नका. पुरंदरचं सीताफळ साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर. अंजिराचे बहार (फळं येण्याचे हंगाम) दोन: खट्टा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, मीठा मार्च ते मे. गोडीसाठी मीठा बहारच गाठा. खट्ट्याचं फळ आंबूस लागतं. ते जॅमला बरं.

अंजीर झाडावरून उतरवल्यावर गोड होत नाही, त्यामुळे "घरी पिकेल" यावर विश्वास ठेवू नका. देठाशी पांढरा चीक दिसला की फळ कच्चं तोडलंय. देठाकडची मान वाकलेली, साल किंचित तडकलेली, दाबल्यावर मऊ, असं घ्या. आंबूस वास आला तर आत आंबायला सुरुवात झालीय. खोक्यात खालचा थर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, वर नेहमीच मोठी फळं रचलेली असतात! घरी न धुता, एका थरात, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

सीताफळाचं उलट. डोळे (सालीवरचे उंचवटे) फुगलेले आणि मधल्या खाचा पिवळसर झालेल्या असतील तर कडक फळही दोन-चार दिवसांत पिकतं. खाचा बंद आणि हिरव्यागार असतील तर ते पिकण्याऐवजी काळं पडून दगड होतं. कच्चं फ्रीजमध्ये ठेवलं तरी तेच.

ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर तिथला पावसाळी वाटाणाही घ्या. किलोभर शेंगांतून दाणे जेमतेम अर्धा किलो निघतात, त्या हिशेबाने भाव करा.