मूठ उघडली की उत्तर दे

प्रिय पोरी,

तुझा रात्री साडेअकराचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. व्हिडिओ बघून तू शिकवलेल्या खुणेप्रमाणे नऊ महिन्यांचा लेक दूध हवं की मूठ उघडमीट करतो. पण आता पंख्याकडे बघूनही तेच करतो, म्हणजे चुकीचं शिकला का? वर सासूबाईंचं टुमणं, "खुणाच करूक लागलो तर मगे बोलतलो कधी?"

सासूबाईंना म्हणावं, टाटा, नमो बाप्पा, तळहातावर बोट टेकवत मोर बोलावणं, हे सगळं तुम्हीच शिकवलंत. त्याने कुणी मुकं राहिलं नाही. बोटं जिभेआधी ताब्यात येतात, एवढंच.

आणि तूही हुरळू नकोस. त्या व्हिडिओतली बाई सांगते तसा तो खुणांनी हुशारबिशार होणार नाही. ब्रिटनमध्ये 40 बाळांना आठव्या महिन्यापासून विसाव्यापर्यंत पाहिलं. 2013 साली निष्कर्ष आला. खुणा शिकलेली बाळं शब्दांत काही पुढे गेली नाहीत. त्यांच्या आया मात्र बाळाच्या हालचाली जास्त ओळखू लागल्या. मला विचारशील तर तेवढंच कमवायचं असतं.

म्हणून पंख्याला काय करायचं? उत्तर दे. "हो रे, पंखा! गरगर फिरतोय," म्हण. मूठ दुरुस्त करत बसू नकोस. कॅलिफोर्नियात लिंडा अॅक्रेडोलो या मानसशास्त्रज्ञ बाईंची वर्षाची पोर फूल दिसलं की नाकाने हुंगल्यासारखं करायची. खूण तिने आपली आपणच काढली होती. आईने ती ओळखली आणि पुढे कितीतरी वर्षं तोच अभ्यास केला. ओळखली, हे महत्त्वाचं. कार्डं नकोत, अॅप नको, रोज पाच नव्या खुणांचा तक्ता तर मुळीच नको. पेज भरवताना त्याने हात झटकला की तेही बोलणंच आहे. वाटी बाजूला ठेव. उत्तर दे.

एवढी का मागे लागते? कारण मी उत्तर दिलं नाही.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी पंचवीस वर्षं होते. हात बाकावर ठेवायचे, खुणा बंद, तोंडाने बोलायचं. 1880 साली इटलीतल्या मिलानच्या परिषदेत कर्णबधिरांच्या शिक्षकांनी तसा ठराव केला होता, त्याचं शेपूट आमच्या कोकणातल्या वर्गापर्यंत आलं होतं. सहा वर्षांचा एक मुलगा अंगठा ओठाला लावून पाणी मागायचा. मी तांब्या धरून उभी राहायची. तोंडासमोर कागदाची पट्टी. 'प' नीट फुटला तर पट्टी हलते. हलली की पाणी. कधीकधी मधल्या सुट्टीपर्यंत हलायची नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये तेच शिकवलं होतं गं. आणि काही मुलं बोललीही, हे कुणी नाकारू नये.

हो, तुझ्या लेकाचे कान तपासलेत का? पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं वेळापत्रक असतं. कुकरच्या शिट्टीला दचकतो म्हणून गप्प बसू नकोस. राहिलं असेल तर याच आठवड्यात जिल्ह्याच्या रुग्णालयात ने. कमी ऐकू येतंय असं निघालं, तर या मूठभर खुणा पुरणार नाहीत. मग भारतीय सांकेतिक भाषा हवी. ती व्याकरणासकट पुरती भाषा आहे. दिल्लीच्या सरकारी सांकेतिक भाषा केंद्राच्या कोशात आज 10,000 हून जास्त शब्द आहेत. माझ्या वर्गात एकही नव्हता.

तो मुलगा मागच्या मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर दिसला. सात-आठ मित्रांचं कोंडाळं, हात सपासप चाललेले, कुणी हसून वाकलेलं. मी खांबाशी उभी राहून बघत होते. एक अक्षर कळेना. त्याने मला ओळखलं. हात थांबवले, जवळ आला आणि तोंडाने म्हणाला, "बाई, पाणी?"

'प' अगदी स्वच्छ होता.

तुझी,
काकू