गालात करंटसारखी कळ, एमआरआयमध्ये नसेला रक्तवाहिनी टेकलेली: ऑपरेशन करावं का?

आईच्या दोन दाढा काढल्या तरी कळ तशीच, आणि आता एमआरआयमध्ये नसेला रक्तवाहिनी टेकल्याचं आलं, असं तुम्ही लिहिलंय. दादा, आधी एक करा, तिसरी दाढ काढू देऊ नका.

माझ्या बाबांना हेच होतं. आम्ही दारव्ह्याकडचे. रात्री हरभऱ्याच्या ओलिताला गेले की गार वारा गालाला लागायचा अन् माणूस धुऱ्यावरच गाल धरून बसायचा. दाढी बंद, भाकर बंद, नुसती आंबील.

याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. चेहऱ्याची पाचवी नस मेंदूतून निघते तिथेच एखादी धमनी तिच्यावर ठोके देत राहते. मोटारीच्या वायरचं कव्हर घासून स्पार्किंग व्हावं, तसं. दाढेचा दोष नसतो.

ऑपरेशनची घाई नको. आधी कार्बामाझेपिन, कमी डोसपासून चढवत. साधी पेनकिलर इथे कामाची नाही. बाबांना सुरुवातीला झोप अन् चक्कर यायची. रक्तातलं सोडियम तपासत राहा. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने सोडायची नाही (आपल्याकडे ही खोड फार).

गोळीने भागेना किंवा ती सोसेना, तेव्हा ऑपरेशन. कानामागून कवटीला छोटं छिद्र पाडून धमनी बाजूला सारतात अन् मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. नस कापत नाहीत. बाबांची कळ शुद्धीवर आल्यापासूनच गेली. मोठ्या अभ्यासात 10 वर्षांनीही दहापैकी सात जण बरे होते. धोका आहेच: त्या कानाने कमी ऐकू येणं, गाल बधिर होणं, क्वचित पक्षाघात. सही करण्याआधी सर्जनला हे सगळं विचारा. वय फार असेल, हृदय कमजोर असेल तर सुईने नस शेकणं किंवा गॅमा नाइफ (न कापता बाहेरून नसेवर किरणांचा मारा). पण त्यात गाल बधिर राहू शकतो, अन् गॅमा नाइफचा गुण यायला आठवडे-महिने लागतात.

रिपोर्टात ‘एव्हीएम’ लिहिलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो रक्तवाहिन्यांचा गुंता, तो फुटूही शकतो. त्याला अँजिओग्राफी लागते, मग मांडीतून नळी घालून बंद करणं, रेडिएशन किंवा ऑपरेशन, हे ठरतं.

नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी दवाखान्यात न्यूरोसर्जरी विभाग आहे. जाताना नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची सीडी न्या, अन् तिथल्या आरोग्यमित्राला जनआरोग्य योजनेत काय बसतं ते आधीच विचारा.