आत्याकडे राहता की आत्याला सोसता?

खानापूरहून एका ताईंनी विचारलंय: मुलाखतीत मुलानं ‘आय ॲम पुटिंग अप विथ माय आंटी इन टिळकवाडी’ असं सांगितलं आणि समोरचे हसले. ‘पुट अप’ म्हणजे मुक्काम करणं ना, मग चुकलं कुठं?

‘विथ’पाशी चुकलं. हे वाक्य बेळगावात उठता-बसता कानावर येतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. त्याचा अर्थ होतो, ‘मी टिळकवाडीत आत्याला कसाबसा सोसतोय.’ दोन वेळा गरम भाकरी वाढणाऱ्या आत्याबद्दल असं बोलायचं? तंबू ठोकणं, बोर्ड लावणं, भाव वाढवणं, कचेरीत सायबांपुढं फाइल ठेवणं हे ‘पुट अप’चे बाकीचे अर्थ सगळ्यांना येतात, ते सोडून देऊ.

सोसण्याचा अर्थ आला कुठून? क्लासवाले सांगतात, ‘अप’ म्हणजे वर, म्हणून ओझं डोक्यावर घेणं, म्हणून सहन करणं. साफ चूक. जुन्या इंग्रजीत वस्तू आवरून आत ठेवणं म्हणजे ‘पुट अप’. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये येशू तलवार उपसलेल्या आपल्या शिष्याला, पेत्राला, म्हणतो, ‘पुट अप दाय स्वोर्ड’, म्हणजे तलवार म्यान कर. तलवार वर उचल असा अर्थ लावला तर सगळा प्रसंगच उलटा होईल! अमेरिकेत आजही फळं-भाज्या बरणीत भरून ठेवण्याला ‘पुट अप’ म्हणतात. तसाच अपमानही आत ठेवायचा. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात रॉडरिगो म्हणतो की आजवर मूर्खासारखं सोसलं, ते आता मुकाट्यानं ‘पुट अप’ करणार नाही. तिथं ‘विथ’ नाहीच. ते शेपूट नंतर चिकटलं. मुक्कामाचा अर्थही माझ्या मते याच घरातला. सरायीत उतरलेला वाटसरू आधी घोडा पागेत ‘पुट अप’ करायचा, मग स्वतः आत जायचा. म्यान, बरणी, पागा, सगळीकडं आत ठेवणंच.

आता आपल्याकडं या. परवा गणपत गल्लीत भाजीवालीनं घाईत शेजारच्या बाईंना दहा रुपये कमी परत दिले. चूक कळताच नोट पुढं करत म्हणाली, ‘होट्ट्याग हाक्कोळ्री अक्का.’ मग माझ्या पिशवीत सडका टोमॅटो गेलेला दिसला, तो बदलून देत लगेच मराठीत, ‘पोटात घाला काका.’ कन्नडात होट्टे म्हणजे पोट. एकाच दमात दोन भाषा आणि पोट तेच! इंग्रजानं अपराध म्यानात ठेवला, आपण दोघांनी पोटात.

पण म्हणून ‘पुट अप विथ’चं भाषांतर ‘पोटात घालणे’ करणाऱ्या कोशकारांशी माझं भांडण आहे. म्यानातली तलवार म्यानातच असते, पुन्हा उपसता येते. पोटात घातलेलं जिरतं. पहिल्यात राग शिल्लक असतो, दुसऱ्यात माफी असते. ‘पुट अप विथ’ला आपला शब्द ‘खपवून घेणे’, नाहीतर ‘चालवून घेणे’.

हां, मुलाखतीचं राहिलंच. ‘आय ॲम स्टेइंग विथ माय आंटी’ म्हणायला सांगा. आणि ती मावशी नव्हे, आत्या आहे, हे इंग्रजीत कळत नाही; त्याला इलाज नाही.