उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला एकच दिवस आहे, सोबत आई-बाबा आहेत. गाईडेड टूर घ्यावी की स्वतःच फिरावं?

तुम्ही लिहिलंय की जानेवारीतला एक रविवार हातात आहे, आई-बाबा साठीच्या पुढचे, दोघं शाकाहारी, आणि "सगळी मंदिरं शेवटी सारखीच दिसतात ना, मग गाईडला पैसे कशाला". मी नागपूरचा, कामासाठी काही वर्षं बँकॉकला होतो, आणि आई-बाबांना घेऊन चियांग माईला गाईडबरोबर फिरलोय, म्हणून लिहितोय.

सरळ सांगतो, गाईड घ्याच, पण दिवसभराची बस टूर घेऊ नका. खाजगी गाईड घ्या, गाडीसकट, आणि ठिकाणं कमी ठेवा. सकाळी दोई सुथेप डोंगरावरचं मंदिर, दुपारी जेवण आणि झोप, चारनंतर जुन्या शहरातली दोन मंदिरं, संध्याकाळी रविवारचा बाजार, बास. मंदिरं सारखी दिसतात हे तुमचं खरंच आहे हो, गाईड नसेल तर तिसऱ्या मंदिरात सोनेरी रंग बघून बघून डोकं बधिर होतं आणि बाबा बाहेर बाकड्यावर बसून राहतात. सांगणारं कोणी असेल तर तेच मंदिर वेगळं दिसतं.

थायलंडमध्ये गाईडचं काम कायद्याने फक्त थाई नागरिकांनाच करता येतं आणि लायसन्स लागतं, त्याचं कार्ड गळ्यात असतं. म्हणजे हॉटेलबाहेर कोणी "मी इंडियन, मी फिरवतो" म्हणत भेटला तर सोडून द्या. आणि बुक करताना एक गोष्ट लेखी विचारा, दुकानांमध्ये किती वेळा थांबवणार? चियांग माईच्या बाहेर सान कांफेंगच्या रस्त्यावर सिल्क, लाखेच्या वस्तू, दागिने असे मोठमोठे शोरूम आहेत, टूरवाल्यांना तिथे कमिशन मिळतं आणि तुमचे दोन तास तिथेच जातात. त्यातल्या त्यात बो सांगचं छत्र्यांचं गाव बघण्यासारखं आहे, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून कागद करतात आणि त्याच्या छत्र्या रंगवतात, पण एका दिवसात ते बसत नाही. लांब मानेच्या बायकांचं गाव पॅकेजमध्ये असेल तर काढायला सांगा. त्या बायका म्यानमारमधून निर्वासित म्हणून आलेल्या कायान जमातीच्या आहेत, आणि तिकीट काढून माणसं बघायला जायचं हे मला तरी पटत नाही. हत्तीवर बसवणारे कॅम्पही नकोत.

आता सकाळ. दोई सुथेप शहरापासून साधारण १५ किलोमीटर, वळणावळणाचा घाट, आईंना गाडी लागत असेल तर गोळी आधीच द्या. आठच्या आसपास वर पोचलात तर मोठ्या बस यायच्या आत होऊन जातं. डोंगर हजार मीटरच्या वर आहे, जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते, स्वेटर ठेवा. पायऱ्या तीनशेच्या वर, दोन्ही बाजूंना लांबच लांब नाग, पण गुडघ्यांचा त्रास असेल तर वर न्यायला लिफ्टसारखी ट्रॉली आहे, थोडे पैसे पडतात, बिनधास्त घ्या. आमच्या बाबांनी आधी "मी चालतो" केलं आणि पायऱ्या बघून गुपचूप ट्रॉलीच्या लाईनीत जाऊन उभे राहिले.

पण त्याच्याही आधी, घाटाच्या पायथ्याशी एका भिक्खूचा पुतळा आहे तिथे गाडी थांबवायला सांगा. क्रूबा श्रीविचय. हा घाटरस्ता सरकारने नाही बांधला, या भिक्खूने बांधवून घेतला, गावोगावची माणसं आपापली कुदळ-फावडी घेऊन फुकट राबायला आली आणि पाच-सहा महिन्यांत, १९३५ मध्ये रस्ता वरपर्यंत पोचला. गंमत म्हणजे याच माणसाला बँकॉकच्या धर्मसत्तेने त्याआधी अनेकदा चौकशीला बोलावलं होतं, अडकवून ठेवलं होतं, कारण परवानगी न घेता तो लोकांना दीक्षा द्यायचा. गाईडने हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, म्हणजे हे यांचे गाडगेबाबाच की. मग मला गाईडला गाडगेबाबा कोण ते इंग्रजीत समजावून सांगावं लागलं, खराटा, धर्मशाळा, सगळं, आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. गाईड घेण्याचा फायदा दोन्हीकडून होतो तो असा.

वरचं मंदिर १३८३ चं मानतात. राजा कुएनाने बुद्धाचा अस्थिधातू पांढऱ्या हत्तीच्या पाठीवर ठेवून हत्ती सोडला, तो चढत चढत इथे आला, तीनदा ओरडला आणि मेला, तिथे हा सोन्याचा स्तूप बांधला अशी कथा. लोक कमळाची फुलं घेऊन त्याला तीन फेऱ्या मारतात, आपल्यासारख्याच उजवीकडून. बाजूच्या विहारात भिक्खू बसलेले असतात, समोर गुडघे टेकून बसलं की पाणी शिंपडतात आणि मनगटाला पांढरा दोरा बांधतात, बायकांना भिक्खू स्पर्श करत नाही म्हणून त्यांना दोरा दुसरं कोणीतरी बांधतं किंवा हातात सोडतात. आम्ही बौद्ध, आईचं सगळं आयुष्य नागपूरच्या विहारात वंदना म्हणण्यात गेलं, तिने पाली ऐकलं आणि दोन ओळींनंतर डोळे मिटून बरोबर म्हणायला लागली. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण नमो तस्स आणि त्रिशरण तेच. भिक्खूने मान वर करून बघितलं. तिथे ट्रान्सलेशन कोणाला लागलं नाही.

पण तेवढ्यावर भारावून जाणारी माझी आई नाही. दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या घरातली ती. थोड्या वेळाने गाईडने विचारलं तुमचा जन्म कुठल्या वारचा, कारण इथे प्रत्येक वाराचा बुद्ध वेगळा, सोमवारचा हात वर करून थांबवणारा, मंगळवारचा आडवा, गुरुवारचा ध्यानाला बसलेला, शनिवारचा नागाच्या फण्याखालचा, आणि बुधवारचे तर दोन, सकाळी जन्मलेल्यांचा वेगळा आणि रात्री जन्मलेल्यांचा वेगळा. आपापल्या वाराच्या मूर्तीपुढे पैसे टाकायचे. आई मला म्हणाली, हे बुद्धाने कधी सांगितलं रे? आणि बाबांची अजूनच पंचाईत, त्यांची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी लावलेली १ जून. गाईडने लगेच मोबाईलवर त्या १ जूनचा वार काढला, मी म्हटलं ताई ती तारीखच खोटी आहे, आमच्याकडे अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो. ती इतकी हसली की शेजारचे लोक बघायला लागले. थाई माणसाला आपला वार माहीत नसणं म्हणजे फारच विचित्र.

हे मुद्दाम सांगतोय कारण थाई बौद्ध धर्म पुस्तकातला नाही. त्यात ज्योतिष आहे, बऱ्याच घरांबाहेर भुताखेतांसाठी, म्हणजे जागेच्या राखणदारासाठी छोटंसं घर आहे, त्याला रोज लाल सरबत ठेवतात. हे सगळं गाईडला मोकळेपणाने विचारता येतं, फक्त राजघराण्याबद्दल थट्टेने काही बोलू नका, तिथे तो गंभीर गुन्हा आहे.

दुपारचं जेवण. चियांग माईचा पदार्थ म्हणजे खाओ सोय, नारळाच्या दुधातल्या रश्श्यात अंड्याचे नूडल्स, वर कुरकुरीत तळलेले नूडल्स, सोबत लोणच्यासारखी मोहरीची पानं, छोटे कांदे, लिंबू. चीनच्या युनान प्रांतातून खच्चरांचे तांडे घेऊन येणाऱ्या चिनी मुसलमान व्यापाऱ्यांकडून आला म्हणतात. मूळचा चिकन नाहीतर बीफचा असतो. तुमच्या आई-बाबांसाठी शब्द लक्षात ठेवा, "जे". पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की ते दुकान जे, म्हणजे मांस, मासे, अंडं काही नाही, आणि कांदा-लसूणसुद्धा नाही, म्हणजे जैन माणसालाही बरंचसं चालतं. नुसतं व्हेजिटेरियन म्हणालात तर भाजीत फिश सॉस घालून देतील आणि त्यांना त्यात काही चुकीचं वाटणार नाही. खाओ सोयसुद्धा जे मिळतो चियांग माईत. चिकट भात मात्र हाताने गोळा करून खायचा असतो, आईला तो प्रकार फार आवडला, चमचे-काट्यातून सुटका. रात्रीचं खान्तोक डिनर, म्हणजे गोल चौरंगावर जेवण आणि समोर पितळी लांब नखं लावून नाच, पॅकेजवाले खूप गळ्यात मारतात. रविवारी त्यात संध्याकाळ घालवू नका.

एक ते साडेतीन हॉटेलवर झोप. हे कोणी ऐकत नाही पण ऐका.

जुनं शहर चौकोनी आहे, भोवती खंदक. १२९६ मध्ये राजा मंगरायने वसवलं, उत्तरेकडच्या लान्ना राज्याची राजधानी. मध्यभागी तीन राजांचा पुतळा आहे, मंगराय आणि त्याचे दोन मित्र राजे, सुखोथाईचा रामखमहेंग आणि फायाओचा न्गाम म्युआंग, शहर कुठे नि कसं बांधायचं याचा विचार तिघांनी मिळून केला असं मानतात. पुढे १५५८ मध्ये बर्मी आले ते दोनशे वर्षं राहिले, आणि त्यांना हाकलण्याच्या लढायांत अठराव्या शतकाच्या शेवटी शहर इतकं उजाड झालं की वीसेक वर्षं इथे कोणी राहतच नव्हतं. मग १७९६ च्या सुमाराला कावील राजाने आजूबाजूच्या मुलखातून माणसं धरून आणून वसवली, भाजी टोपलीत भरावी तशी माणसं शहरात भरली असं त्यांच्याकडे म्हणतात. चांदीकामवाल्यांची वुआलाय आळी तशीच वसली. हे माहीत नसताना मला जुनं शहर नुसतं कॅफेंचं गाव वाटायचं.

मंदिरं दोनच धरा. वात म्हणजे मंदिर, त्यातलं वात चेडी लुआंग तर हवंच. पंधराव्या शतकात पूर्ण झालेला विटांचा प्रचंड स्तूप, ऐंशी मीटरच्या आसपास उंच होता, १५४५ च्या भूकंपात वरचा भाग कोसळला, तो परत बांधला नाही हेच बरं. बँकॉकच्या राजवाड्यातला प्रसिद्ध पाचूचा बुद्ध, जो खरं तर पाचूचा नसून दुसऱ्याच हिरव्या दगडाचा आहे, तो १४६८ पासून ऐंशीएक वर्षं इथे होता. त्याच आवारात नगरस्तंभाचं छोटं देऊळ आहे, त्यात बायकांना प्रवेश नाही, बाहेर पाटी आहे. आईने पाटीचा अर्थ विचारला, मी सांगितला, तिचा चेहरा बघून गाईडच ओशाळली आणि म्हणाली मलापण आवडत नाही. बाबाही मग आत गेले नाहीत.

याच आवारात झाडाखाली भिक्खूंशी गप्पा मारायची सोय असते, मंक चॅट म्हणतात, कोवळी पोरं असतात, त्यांना इंग्रजीची प्रॅक्टिस हवी असते. अर्धा तास तरी ठेवा. आमच्या बाबांनी पहिलाच प्रश्न टाकला, महिन्याला किती मिळतात? तो पोरगा हसून म्हणाला काहीच नाही, दुपारी बारानंतर जेवणसुद्धा नाही. मग दोघांची जी जमली! त्याने सांगितलं की थाई पुरुष आयुष्यात एकदा तरी काही दिवस-महिने भिक्खू होतात, आईचं पुण्य म्हणून, आणि मग परत येऊन नोकरीला लागतात. बाबांना ही सोय फार पटली.

दुसरं वात फ्रा सिंग, १३४५ चं, आत एका छोट्या विहारात एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, त्यात त्या काळच्या लान्ना लोकांचे कपडे, गोंदण, बाजार सगळं दिसतं. सोन्याच्या स्तूपापेक्षा तिथे वेळ द्या. इथे दोन्हीकडे खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आईंची साडी चालते, आणि बसताना पाय मूर्तीकडे करू नका. चप्पल सारखी काढायची असते, बुटांच्या लेस असल्या तर वैताग येतो.

गाईडला इथेच सोडा, संध्याकाळी तिची गरज नाही. रविवारचा बाजार थापे दरवाजापासून आत राचादमनोएन रस्त्यावर भरतो, मंदिरांची आवारं खाण्याच्या स्टॉलनी भरून जातात. सहाच्या आत पोचा, कारण सहाला लाऊडस्पीकरवर राष्ट्रगीत लागतं आणि तो सगळा बाजार जागच्या जागी थांबतो, तव्यावर काहीतरी परतणारी बाई, पैसे मोजणारा पोरगा, सगळे. तुम्हीही थांबा. गीत संपलं की लगेच पुन्हा कलकलाट. नंतर गर्दी इतकी वाढते की चालता येत नाही, सात-साडेसातला आई-बाबांना घेऊन निघा. परत जायला लाल रंगाच्या शेअर गाड्या असतात, मागे दोन बाकं, शहरात माणशी ३०-४० बाथ, बसायच्या आधी भाव ठरवा.

जानेवारी छान आहे. तारीख पुढे ढकलायची वेळ आली तर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत नको, शेतं आणि जंगलं जाळतात त्याचा धूर या खोऱ्यात अडकतो, दोई सुथेपवरून खाली शहरच दिसत नाही, आणि बाबांना दम्याचा त्रास असेल तर अजिबातच नको. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला यी पेंग, म्हणजे आकाशात कंदील सोडायचा सण असतो, आपली त्रिपुरी पौर्णिमा साधारण तेव्हाच, पण त्या आठवड्यात हॉटेलचे भाव बघूनच ठरवा.